प्रोसेसरचा ताप : उतरणारा कीं उरणारा?

उष्णतेनें वस्तूंत फरक पडतो, ही गोष्ट स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. पण तो फरक दोन प्रकारचा असतो, याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. बंबांतील पाणी कढत होतें, आणि विस्तव विझल्यावर कांहीं तासांत पूर्ववत् थंड होतें. आपण तापलों होतों याची एकही खूण तें जवळ ठेवीत नाहीं. कुंभाराच्या आव्यांत घातलेलें कच्चें मडकें मात्र तांबडें होऊन बाहेर येतें, आणि मग कितीही थंड झालें तरी पुन्हां माती होत नाहीं. आमच्या प्राचीन शास्त्रकारांनीं या दुसऱ्या प्रकारच्या पालटास 'पाकज' असें नांव दिलें, आणि तो पालट नेमका कोठें घडतो यावर पिढ्यानुपिढ्या वाद घातला. वैशेषिक म्हणत, पाक होतो तो परमाणूंत. या मतास पीलुपाकवाद म्हणतात. नैयायिक म्हणत, पाक होतो तो सबंध मडक्यांत. या मतास पिठरपाकवाद म्हणतात. हा वाद पाठशाळेंतच राहून गेला असें वाटत असतांना, घरोघरच्या संगणकानें त्यास पुन्हां उंबऱ्याशीं आणून उभें केलें आहे.

ज्या घरीं महाविद्यालयांत जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरीं दर उन्हाळ्यांत हा प्रश्न हटकून निघतो. लॅपटॉप मांडीवर धरवत नाहीं इतका तापतो, आंतील पंखा घोंघावूं लागतो, काम मंदावतें, आणि एखादे वेळीं यंत्र कांहींएक न सांगतां बंद पडतें. घरांतील वडील माणसें म्हणतात, 'जळालें वाटतें!' मुलें म्हणतात, 'त्याला कांहीं होत नाहीं.' आतां संगणकाचा मेंदु जो प्रोसेसर, त्याचा ताप बंबांतील पाण्यासारखा उतरून जाणारा, कीं आव्यांतील मडक्यासारखा कायमची खूण ठेवणारा? पन्नास-साठ हजार रुपयांची वस्तु टाकावी कीं ठेवावी, हा मध्यम स्थितीतल्या कुटुंबास लहान प्रश्न नव्हे. त्याचा निकाल भीतीनें किंवा बेफिकिरीनें न लागतां समजुतीनें लागावा, एवढ्याचसाठीं आम्ही हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

सोयीसाठीं आम्ही उष्णतेपासून होणाऱ्या इजेचे तीन भाग करतों. पहिली दाह, म्हणजे एकाएकीं जळून जाणें. दुसरी जरा, म्हणजे अकालीं येणारें वार्धक्य. तिसरी भंग, म्हणजे सांधा तुटणें. यांपैकीं दाहाची भीति लोकांस सर्वांत अधिक वाटते, आणि आजच्या यंत्रांत तोच सर्वांत दुर्मिळ आहे. जरा व भंग यांची भीति कोणासच वाटत नाहीं, आणि खरी हानि बहुधा त्यांच्याकडूनच होते.

प्रथम ही उष्णता येते कोठून तें पाहूं. प्रोसेसर म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेल्या अतिसूक्ष्म विजेच्या कळांचा समुदाय. या कळांस ट्रान्झिस्टर म्हणतात. १९७१ सालीं इंटेल कंपनीनें विक्रीस काढलेल्या '४००४' या प्रोसेसरांत त्यांची संख्या सुमारे २,३०० होती. आजच्या प्रोसेसरांत ती शेंकडों कोटींच्या घरांत जाते. यांतील कळ उघडतांना व मिटतांना विजेचा अल्पसा अंश खर्च होतो आणि त्याची उष्णता होते. शिवाय मिटलेल्या कळेंतूनही थोडी वीज झिरपत राहते, आणि तापमान वाढलें कीं हें झिरपणेंही वाढतें. म्हणजे ताप आणखी ताप निर्माण करतो. इंटेलचा 'कोअर आय-९ १३९००के' हा २०२२ सालचा प्रोसेसर पूर्ण जोरानें चालतांना २५३ वॅटपर्यंत वीज घेतो, आणि त्याच्या सिलिकॉनच्या तुकड्याचें क्षेत्रफळ अडीच चौरस सेंटीमीटरांच्या आसपास आहे. घरांतील हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारे दोनशें चौरस सेंटीमीटरांचा धरला, तर दर चौरस सेंटीमीटरास इस्त्रीपेक्षां वीसपट उष्णता या नखाएवढ्या तुकड्यांतून बाहेर पडते. ती वाहून नेण्यासाठींच त्यावर धातूच्या पात्यांचा जुडगा व पंखा बसविलेला असतो.

हा पंखा थांबला किंवा पातीं निघून पडलीं तर काय होतें, याचा एक बोलका प्रयोग २००१ सालीं 'टॉम्स हार्डवेअर' या संगणकविषयक पत्रानें करून त्याची चित्रफीत प्रसिद्ध केली. चालू असलेल्या प्रोसेसरांवरून पात्यांचा जुडगा मुद्दाम उचलून घेण्यांत आला. इंटेलच्या पेंटियम ४ नें आपली गति आपणच आवरली आणि तो रांगत कां होईना चालत राहिला. पेंटियम ३ थांबला, पण जिवंत राहिला. एएमडी कंपनीचे ॲथलॉन मात्र अल्पावधींत धूर टाकून कायमचे गेले. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. सिलिकॉन वितळण्यास १,४१४ अंश सेल्सिअस तापमान लागतें, तेव्हां ॲथलॉन 'वितळला' असें नव्हे. त्याच्या कितीतरी अलीकडेच आंतील सूक्ष्म तारा, त्यांमधील पडदे आणि भोंवतालचें बैठकीचें साहित्य निकामी होतें.

तो धडा साऱ्या धंद्यानें घेतला. आजच्या प्रत्येक प्रोसेसरच्या अंगांतच तापमापक बसविलेले असतात. इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांस १०० अंशांची, तर एएमडीच्या २०२२ सालीं निघालेल्या रायझन ७००० मालिकेंतील बहुतेकांस ९५ अंशांची मर्यादा आंखून दिलेली आहे. मर्यादा गांठली कीं प्रोसेसर आपली गति व विजेचा दाब कमी करतो. आपल्यास तें काम मंदावल्यासारखें दिसतें. एवढ्यानेंही ताप न उतरतां आणखी सुमारे वीस-पंचवीस अंश चढला, तर तो स्वतःच विजेचा पुरवठा तोडून टाकतो. आपल्यास तें यंत्र अचानक बंद पडल्यासारखें दिसतें. मर्यादेच्या आंत किंवा तिला टेकून यंत्र चालणें ही दुर्घटना नव्हे. निर्मात्यानेंच तें गृहीत धरलेलें आहे. म्हणून यंत्र तापून बंद पडलें याचा अर्थ तें मेलें असा नसून, मरूं नये म्हणून त्यानें डोळे मिटले असा आहे.

मग मुलांचेंच म्हणणें खरें मानावें काय? तसेंही नाहीं, कारण दाह टळला म्हणून जरा टळत नाहीं. प्रोसेसरांतील तारा इतक्या बारीक असतात, कीं त्यांतून वाहणारा विजेचा ओघ धातूच्या अणूंना ढकलीत ढकलीत पुढें नेतो. नदीचें पाणी जसें एका कांठची माती खरवडून दुसऱ्या कांठीं टाकतें, तसाच हा प्रकार. एके ठिकाणीं पोकळी पडून तार तुटते, दुसरे ठिकाणीं धातु सांचून शेजारच्या तारेस चिकटते. या क्रियेचें गणित मोटोरोला कंपनीतील जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञानें १९६९ सालच्या आपल्या निबंधांत मांडलें. त्यांत दोन गोष्टी निर्णायक ठरतात: विजेच्या ओघाची दाटी आणि तापमान. तापमानाचा भाग स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनीं १८८९ सालीं रासायनिक क्रियांच्या वेगाविषयीं सांगितलेल्या नियमाचाच आहे: तापमान थोडें वाढलें तरी वेग फार वाढतो. पुढें १९९७ सालीं आयबीएम कंपनीनें ॲल्युमिनियमच्या तारांऐवजीं तांब्याच्या तारा घालण्याची रीत जाहीर केली, तिचा एक लाभ हाच कीं तांब्याचे अणु असे सहजासहजीं ढळत नाहींत. पण न ढळणें निराळें आणि उशिरां ढळणें निराळें. याखेरीज ट्रान्झिस्टरांतील जो अत्यंत पातळ निरोधक पडदा, तोही उष्णता व विद्युद्दाब यांच्या जोडीनें हळूहळू जीर्ण होतो.

या वार्धक्याचा हिशेब एकदां आंकड्यांत मांडला म्हणजे पुष्कळ भीति जाते, आणि थोडी उरते ती योग्य ठिकाणीं उरते. अशा गणितांत अभियंते वारंवार ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट हें ऊर्जामूल्य धरतात. तें धरून आकडेमोड केली, तर ७० अंशांवर झिजेचा जो वेग असतो, त्याच्या सुमारे पांचपट वेग ९५ अंशांवर येतो. आतां समजा, एखाद्या दुपारीं लॅपटॉप चार तास ९५ अंशांवर राहिला. त्या चार तासांत झालेली झीज ७० अंशांवरील वीस तासांच्या झिजेइतकी. म्हणजे आयुष्यांतून सोळा तास जादा गेले. पुरता एक दिवसही नाहीं. वर्षानुवर्षें टिकणाऱ्या वस्तूच्या आयुष्यांत ही गोष्ट नगण्य होय. परंतु तोच लॅपटॉप रोज आठ तास, बारा महिने त्याच तापमानावर राबविला, तर एका वर्षांत पांच वर्षांची झीज होईल. पहिल्या घटनेनें हळहळणारा माणूस जितका चुकतो, तितकाच दुसऱ्या संवयीकडे दुर्लक्ष करणाराही चुकतो.

निर्माते स्वतः हाच नियम उलट बाजूनें वापरतात. नव्या प्रकारच्या चकत्या बाजारांत आणण्यापूर्वीं त्यांतील कांहीं नमुने १२५ अंशांवर, वाढीव विद्युद्दाब देऊन, सामान्यतः १,००० तास अखंड चालवून पाहण्याची रीत आहे. एक्केचाळीस-बेचाळीस दिवसांत अनेक वर्षांचें वार्धक्य अंगावर आणून, त्यांतून जें टिकेल तेंच ग्राहकाच्या हातीं द्यावयाचें, हा त्यामागील हेतु. इतक्या तापांतून पार पडणारी वस्तु एका दुपारीं नव्वद अंशांनीं दगावेल, ही कल्पना त्यामुळेंच टिकत नाहीं.

विद्युद्दाबाचा उल्लेख वर दोनदां आला तो उगाच नव्हे. एकट्या उष्णतेपेक्षां उष्णता व दाब यांची युति अधिक घातक असते, आणि याचें ठळक उदाहरण २०२४ सालीं जगानें पाहिलें. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांपैकीं कित्येक विनाकारण अडखळूं लागले; चालूं असलेलें काम मध्येंच कोसळूं लागलें. कंपनीच्या तपासांत असें निष्पन्न झालें, कीं प्रोसेसर गरजेपेक्षां अधिक विद्युद्दाब मागत होता, आणि त्या वाढीव दाबानें व तापानें आंतील एक मंडल अकालीं जीर्ण होत होतें. ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत कंपनीनें सुधारित मायक्रोकोड दिला, आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. पण एक गोष्ट तिला स्पष्ट करावी लागली: नवा मायक्रोकोड पुढची हानि रोखील, झालेली हानि भरून काढणार नाहीं. आमच्या मूळ प्रश्नास याहून निःसंदिग्ध उत्तर मिळणार नाहीं. हा ताप पाण्याचा नव्हता, मडक्याचा होता. कारखान्यानें नेमून दिलेल्यापेक्षां अधिक दाब देऊन गति वाढविण्याचा छंद ज्या तरुणांस असतो, त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

आतां तिसरी इजा, भंग. तापली म्हणजे वस्तु फुगते, निवाली म्हणजे आकसते; पण सिलिकॉन, डाख आणि खालची पाटी हीं सारख्या प्रमाणांत फुगत नाहींत. त्यामुळें प्रत्येक ताप-निवण्याच्या फेऱ्यांत सांध्यांवर ताण पडतो, आणि तार जशी वारंवार वांकवून तुटते तसा एके दिवशीं डाखास तडा जातो. ही गोष्ट संगणकाच्या जन्मापासूनची आहे. १९४६ सालीं फिलाडेल्फिया येथें जगापुढें आलेल्या 'एनिॲक' या संगणकांत सुमारे १८,००० विद्युन्नलिका होत्या. त्यांपैकीं बहुतेक निकामी होत त्या यंत्र चालूं करतांना तापण्याच्या व बंद करतांना निवण्याच्या वेळीं. म्हणून चालकांनीं तें शक्यतों बंदच करावयाचें नाहीं असें ठरविलें. अलीकडील उदाहरण 'एक्सबॉक्स ३६०' या खेळयंत्राचें. तीं इतक्या मोठ्या संख्येनें बंद पडलीं, कीं २००७ सालीं मायक्रोसॉफ्टनें त्यांची हमी तीन वर्षांपर्यंत वाढवून त्यासाठीं शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूस काढली. आणि वरचेवर तापून-निवून आंतील सांधे तुटले, असें कारण पुढें कंपनीच्याच माणसांनीं सांगितलें. पुढील वर्षीं एनव्हिडिया कंपनीनेंही लॅपटॉपमधील कांहीं चित्रप्रोसेसरांच्या बैठकीचें साहित्य कमकुवत निघाल्यावरून पंधरा ते वीस कोटी डॉलरांची तरतूद केली. या दोन्ही ठिकाणीं दोष सिलिकॉनांत नव्हता. त्यास धरून ठेवणाऱ्या सांध्यांत होता.

इतका विचार झाल्यावर, आपल्या घरांतील यंत्राचा ताप उतरणारा आहे कीं उरणारा, हें ओळखण्याची कसोटी आपोआप हातीं येते. यंत्र तापल्यावर मंद होतें वा बंद पडतें, आणि निवाल्यावर पूर्वीइतकेंच नीट चालतें, तर इजा झालेली नाहीं. उष्णता बाहेर जाण्याची वाट तेवढी बुजली आहे. परंतु सकाळच्या थंडाव्यांत, पहिल्याच अर्ध्या तासांत, साधें काम करतांनाही तें अडखळत असेल, तर कोठेंतरी कायमची हानि झाली असण्याचा संशय घ्यावा. आणि तेव्हांही प्रथम स्मृति-पट्टी, डिस्क व विजेचा पुरवठा हीं तपासून मगच प्रोसेसरवर ठपका ठेवावा.

ही कसोटी किती उपयोगीं पडते, याचा एक दाखला देतों. आमच्या शेजारच्या गृहस्थांच्या चिरंजिवांचा लॅपटॉप परीक्षेच्या तोंडावर रोज दुपारीं बंद पडूं लागला. एका दुकानांत 'प्रोसेसर जळाला, नवीन घ्या' असा निकाल मिळाला, आणि गृहस्थ बिचारे मुदतीची ठेव मोडावयास निघाले. आम्हीं त्यांस एवढेंच विचारलें, 'सकाळीं तो चालतो काय?' 'सकाळीं दोन तास उत्तम चालतो,' ते म्हणाले. जळालेला प्रोसेसर सकाळीं चालून दुपारीं बंद पडत नसतो. दुसऱ्या कारागिराकडून तो उघडवितां, पात्यांवर धुळीचें नमद्यासारखें जाड पटल बसलेलें आढळलें, आणि प्रोसेसर व पातीं यांमधील थर्मल पेस्ट वाळून तिच्या खपल्या झाल्या होत्या. सफाई व नवी पेस्ट मिळून कांहीं शेंकड्यांत काम झालें. मुलाची परीक्षा त्याच यंत्रावर पार पडली, आणि ठेव बँकेंत जागच्या जागीं राहिली.

गृहस्थाश्रमी मनुष्यानें व्यवहारांत काय पाळावें, तें थोडक्यांत असें. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवूं नये. खालची हवेची वाट बुजते. मेजावर ठेवावा, शक्य तर मागची कड बोटभर उंच करावी. वर्षांतून एकदां धूळ काढवावी, आणि तीन-चार वर्षांनीं पेस्ट बदलून घ्यावी. खोलीचा विचार अवश्य करावा. प्रोसेसरचा ताप खोलीच्या तापमानावर चढत असतो, म्हणून २५ अंशांच्या खोलींत ७० अंशांवर राहणारा प्रोसेसर नागपूरच्या मे महिन्यांतील ४५ अंशांत तेंच काम करतांना ९० च्या घरांत पोंचतो. मोठीं कामें पहाटे किंवा रात्रीं करावीं, हा उपदेश आमच्या वाडवडिलांनीं अभ्यासाविषयीं केला होता. तो यंत्रासही लागूं पडतो. मोठ्या संस्थाही हीच काळजी मोठ्या प्रमाणावर घेतात. पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं बसविलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकांत पंख्यावर न विसंबतां, द्रव पदार्थ प्रोसेसरच्या अगदीं जवळून खेळवून उष्णता नेण्याची योजना आहे. आणखी एक सूचना विशेष महत्त्वाची. तापाचा खरा बळी पुष्कळदां प्रोसेसर नसून त्याच्या शेजारची बॅटरी असते. प्रोसेसरला जे ९० अंश सोसतात, त्याच्या निम्मे तापमानही लिथियमच्या बॅटरीस सतत सोसत नाहीं. ती फुगलेली दिसली तर यंत्र तत्काळ बंद करून, चार्जिंगची तार काढून, जाणत्याकडे न्यावें. येथें मात्र भीति बाळगणेंच शहाणपणाचें.

शेवटीं, ज्या वादापासून आम्ही आरंभ केला त्याकडे क्षणभर वळूं. अणूअणूंनीं ढळणारी तार पाहिली म्हणजे वैशेषिकांचें म्हणणें खरें वाटतें, कारण येथें पालट परमाणूंत होत आहे; तडकलेला डाख पाहिला म्हणजे नैयायिकांचें खरें वाटतें, कारण येथें सबंध बांधणीच ढासळली आहे. अर्थात् हें साम्य दृष्टांतापुरतेंच घ्यावें. प्राचीनांस प्रोसेसर ठाऊक होता असें म्हणण्याचा आमचा आग्रह नाहीं. पण त्यांनीं शिकविलेली विवेकाची रीत आजही कामास येते. ताप आला एवढ्यावरून निर्णय करूं नये. तो किती चढला, किती काळ राहिला, कितीदां आला आणि उतरल्यावर मागें काय उरलें, हे चार प्रश्न विचारावे. चढलेला ताप यंत्र स्वतः आवरतें. काळ आणि वारंवारता मात्र यंत्राच्या हातीं नाहींत, त्या तें वापरणाराच्या हातीं आहेत.